जुन्या मोटारीत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवताना : कामाचा क्रम, मोजमापे आणि नेहमीच्या चुका

हे काम बहुतेक वेळा पाना हातात घेण्यापूर्वीच बिघडलेले असते. कुठूनतरी चांगल्या अवस्थेतला पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळतो, लगोलग जुना खाली उतरतो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) अंदाजाने कापायला जातो, आणि सगळे जोडून झाल्यावर गिअरची दांडी डॅशबोर्डला अडते, क्लच पूर्ण सुटत नाही किंवा एका ठरावीक वेगाला फरशी थरथरू लागते. यांतला एकही दोष सहसा गिअरबॉक्सचा नसतो. या कामात प्रत्येक भागाचे माप त्याच्या आधी बसलेल्या भागावरून ठरते. आधीचा भाग पक्का होण्यापूर्वीच पुढचा करून घेतला की असे घोटाळे होतात. म्हणून पुढे दिलेला क्रम मोडू नये, आणि कितीही घाई असली तरी प्रोपेलर शाफ्ट सर्वांत शेवटी करून घ्यावा.

हा लेख इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना आणि मूळचा तीन किंवा चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांपुरता आहे. मूळ गाडी ऑटोमॅटिक असेल तर क्लचचे पेडल, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टच्या टोकाचे पायलट बुशचे (गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पेलणाऱ्या कडीचे) भोक ही तीन कामे वाढतात. हे भोक काही ऑटोमॅटिक इंजिनांच्या क्रँकला पूर्ण मापाचे कापलेलेच नसते, त्यामुळे खरेदीपूर्वी ते पाहून घ्यावे.

१. खरेदीपूर्वी गुणोत्तरांचा हिशेब

पाचव्या गिअरमुळे इंजिनाचे फेरे किती उतरतील हे कागदावर काढता येते. ताशी वेग किलोमीटरमध्ये घेऊन १००० ने गुणावा आणि ६० ने भागावा. त्याला टायरच्या परिघाने (मीटरमध्ये) भागले की चाकाचे मिनिटाला फेरे मिळतात. त्यांना डिफरन्शियलच्या आणि गिअरच्या गुणोत्तराने गुणले की इंजिनाचे फेरे निघतात. परीघ टायरवरच्या छापील मापावरून काढण्यापेक्षा टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून, गाडी एक फेरा ढकलून, टेपने मोजावा. भाराखाली टायर थोडा दबतो आणि तेच माप खरे असते.

उदाहरणार्थ, परीघ १.९ मीटर आणि डिफरन्शियल ४.१ असेल तर ताशी १०० किमीला थेट चौथ्या गिअरमध्ये (१.००) इंजिन सुमारे ३६०० फेरे घेते. फोर्डच्या टाइप ९ गिअरबॉक्सचा पाचवा ०.८२ आहे, त्यावर हेच फेरे सुमारे २९५० होतात. बॉर्ग-वॉर्नरच्या टी-५ चा ०.६८ चा पाचवा असेल तर सुमारे २४५० होतात. कमी फेरे नेहमीच चांगले असे मानू नये. लहान, कमी ताकदीच्या जुन्या इंजिनाला ०.६८ चा पाचवा साध्या चढावरही ओढवत नाही, आणि मग तो गिअर नुसता शोभेला उरतो. डिफरन्शियल मुळातच ३.३ च्या आसपास असेल तर ०.८० च्या जवळचा पाचवा पुरेसा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या गिअरचाही विचार करावा. टाइप ९ च्या चार सिलिंडरच्या इंजिनांसाठीच्या प्रकारात पहिला ३.६५ आहे, ४.१ च्या डिफरन्शियलबरोबर त्याचे एकूण गुणोत्तर जवळपास १५ होते. गाडी हलताक्षणीच दुसरा टाकावा लागतो आणि पहिल्या-दुसऱ्यातले अंतर जाणवते.

तपासणी: एकाच बाह्य आकाराच्या गिअरबॉक्समध्ये वेगवेगळी गुणोत्तरे असतात. टी-५ मध्येच ३.३५ च्या पहिल्याबरोबर ०.६८ चा पाचवा असलेले संच आहेत आणि २.९५ च्या पहिल्याबरोबर ०.६३ चा पाचवा असलेलेही. मागच्या भागाच्या एका बोल्टखाली १३५२ पासून सुरू होणाऱ्या क्रमांकाची धातूची पट्टी असते, तिच्यावरून नेमका प्रकार कळतो. पट्टी हरवली असेल तर पहिला गिअर टाकून आउटपुट शाफ्टचे (मागच्या बाजूच्या) दहा फेरे पूर्ण होईपर्यंत इनपुट शाफ्ट (इंजिनाकडचा) हाताने फिरवावा आणि फेरे मोजावेत. साडेतेहतीस आले तर गुणोत्तर ३.३५. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हे मोजणे भरवशाचे.

२. गाडी चालू अवस्थेत असतानाच घ्यायची मापे

जुना गिअरबॉक्स सुटला की काही मापे कायमची जातात. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर, नेहमीच्या भाराने उभी असतानाच ती वहीत लिहून घ्यावीत.

इंजिन ब्लॉकचा मागचा चेहरा हा सर्व लांबींचा आरंभबिंदू धरावा. तिथपासून गिअरच्या दांडीच्या मध्यापर्यंत, गिअरबॉक्सच्या माउंटिंगच्या बोल्टपर्यंत आणि आउटपुट सीलच्या कडेपर्यंतची अंतरे मोजावीत. नवीन गिअरबॉक्सची हीच तीन अंतरे, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे, क्लचभोवतीचे कवच) आणि अडॅप्टर प्लेट (न जुळणारे भाग जोडणारी मधली प्लेट) यांची जाडी धरून, शेजारी लिहावीत. दांडीच्या जागेतला फरक इथेच कळतो. तो ३० ते ४० मिमी असेल तर वाकवलेल्या दांडीने भागते. १०० मिमी असेल तर टनेल (गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा) कापण्यावाचून किंवा दांडीची जागा पुढे-मागे नेणारा वेगळा मागचा भाग शोधण्यावाचून गत्यंतर नाही. चालकाला आसनावर बसवून पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या गिअरमध्ये त्याची मूठ कुठे येईल हेही पाहावे, कारण दांडी पुढे गेली की हे तिन्ही गिअर टाकताना बोटे डॅशबोर्डवर आपटतात.

यानंतर कोन. डिजिटल कोनमापक मिळत असेल तर उत्तम. इंजिनाचा कोन क्रँक पुलीच्या चेहऱ्यावरून किंवा बेलहाउसिंगच्या यंत्रावर घासलेल्या चेहऱ्यावरून घ्यावा. कार्बोरेटरचा पाया पुष्कळ इंजिनांत मुद्दाम तिरपा ठेवलेला असतो, त्यावर विसंबू नये. डिफरन्शियलचा कोन पिनिअनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या) फ्लँजवरून घ्यावा. क्लचच्या पेडलचा पूर्ण प्रवास, फोर्कच्या (क्लच सोडवणाऱ्या काट्याच्या) टोकाचा प्रवास, आणि स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला आकडा हेही टिपून ठेवावे. स्मिथ्स कंपनीच्या तबकड्यांवर हा आकडा म्हणजे मैलाला केबलचे किती फेरे व्हायला हवेत याची संख्या असते. त्याचे काम पुढे दहाव्या टप्प्यात लागेल.

३. टेबलावरची जुळवणी

नवीन गिअरबॉक्स हाती आल्यावर पाच गोष्टी व्हर्निअरने मोजाव्यात: इनपुट शाफ्टच्या टोकाचा व्यास, स्प्लाइनची (शाफ्टवरच्या उभ्या दातांची) संख्या व बाह्य व्यास, पुढच्या चेहऱ्यापासून शाफ्टची लांबी, पुढच्या बेअरिंग रिटेनरच्या कॉलरचा व्यास आणि बेलहाउसिंगला जोडणाऱ्या बोल्टची रचना. टाइप ९ च्या शाफ्टला एक इंच व्यासाच्या २३ स्प्लाइन असतात. फोर्डच्या टी-५ ला १ १/१६ इंचाच्या १०, तर जनरल मोटर्सच्या व्ही-८ गाड्यांतल्या टी-५ ला २६. नावात साम्य आहे म्हणून क्लच प्लेट चालेल, हे गृहीत धरू नये.

क्लच प्लेट निवडताना बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटप्रमाणे, आणि मधली हब नव्या गिअरबॉक्सप्रमाणे घ्यावी. प्लेटची जाडीही मूळच्या जवळ हवी. ती वाढली किंवा घटली की प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची बदलते आणि सातव्या टप्प्यातला सगळा हिशेब चुकतो.

बेअरिंग रिटेनरची कॉलर बेलहाउसिंगच्या भोकात हाताने, किंचित घट्ट बसली पाहिजे. गिअरबॉक्सला मध्यभागी धरून ठेवण्याचे काम ही कॉलर करते, बोल्ट करत नाहीत. कॉलर सैल असेल तर लेथवर नेमकी कडी कातून बसवावी. बोल्ट आवळले की सगळे जागेवर येईल, ही समजूत महागात पडते.

४. जुना गिअरबॉक्स उतरवणे

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, तेल काढावे, गाडी चार मजबूत स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. माउंटिंग सुटले की इंजिनाची मागची बाजू खाली झुकते. त्याआधी ऑइल सम्पखाली लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा, नाहीतर फॅन रेडिएटरमध्ये शिरतो किंवा डिस्ट्रिब्युटरची टोपी फायरवॉलला लागून फुटते. एक्झॉस्ट पाइप, स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी आणि अर्थची पट्टी सोडल्याशिवाय गिअरबॉक्स ओढू नये. उतरवलेले मूळचे सर्व भाग, बोल्टसकट, एका खोक्यात नावे घालून ठेवावेत. जुन्या गाडीचा पुढचा मालक त्यांची चौकशी करतोच.

५. बेलहाउसिंगची मध्यरेषा

हा टप्पा सर्वाधिक गाळला जातो, आणि गिअर सुटणे, पायलट बुश झिजणे, क्लच प्लेटची हब तुटणे अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. क्रँकशाफ्टची मध्यरेषा आणि बेलहाउसिंगच्या मागच्या भोकाची मध्यरेषा एकच असायला हवी. नवीन बेलहाउसिंग किंवा अडॅप्टर प्लेट वापरली असेल तर ती जुळते की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

क्लच न बसवता फ्लायव्हीलवर चुंबकी पायाचा डायल गेज ठेवावा आणि त्याचे टोक बेलहाउसिंगच्या भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवावे. बेलहाउसिंग डॉवेल पिनांवर (नेमकी जागा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांवर) बसवून सर्व बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कने आवळलेले असावेत. स्पार्क प्लग काढावेत, म्हणजे क्रँक हाताने अलगद फिरतो. एक पूर्ण फेरा फिरवून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रीडिंग टिपावे. दोन्हींतला फरक ०.१३ मिमीच्या (म्हणजे ०.००५ इंचाच्या) आत हवा. लक्षात ठेवायचे ते एवढेच की प्रत्यक्ष सरक या फरकाच्या निम्मी असते: गेजने ०.४० मिमी दाखवले तर बेलहाउसिंग ०.२० मिमीने सरकलेले आहे, आणि तेवढ्याच सरकेचे विकेंद्री डॉवेल पिन लागतील. ते बसवून पिन थोडे-थोडे फिरवत पुन्हा मोजावे.

दुसरे मोजमाप मागच्या चेहऱ्याचे. गेजचे टोक आता भोकाऐवजी त्या सपाट चेहऱ्यावर टेकवावे आणि क्रँक एकाच दिशेला दाबून धरत फिरवावा, नाहीतर क्रँकची पुढेमागची मोकळीक रीडिंगमध्ये मिसळते. इथे फरक आला तर आधी ब्लॉक आणि अडॅप्टरमधला रंग, गंज, जुन्या गॅस्केटचे कण आणि बोल्टच्या भोकाभोवती उचललेल्या कडा पाहाव्यात. दोष बहुधा तिथेच असतो. शिम (पातळ चकत्या) घालण्याची वेळ क्वचित येते.

इशारा: डॉवेल पिन काढून टाकून केवळ बोल्टच्या आधारे बेलहाउसिंग बसवू नये. बोल्टच्या भोकांत जेवढी मोकळीक असते तेवढी सरक त्यात आलीच.

६. क्लचविना चाचणी-जोडणी : टनेल आणि क्रॉसमेंबर

क्लच बसवण्यापूर्वी गिअरबॉक्स एकदा नुसता जागेवर चढवून पाहावा. प्लेट नसल्यामुळे शाफ्ट सहज आत जातो आणि टनेल कापताना बॉक्स वारंवार खालीवर करणे सोपे पडते.

आधी इनपुट शाफ्टचे टोक क्रँकच्या भोकाच्या तळाला टेकत नाही ना, हे पाहावे. भोकाच्या तळाशी खेळण्याच्या मातीची छोटी गोळी ठेवून गिअरबॉक्स पूर्ण बसवावा, काढावा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. किमान ३ मिमी उरली पाहिजे. शाफ्ट टेकत असताना बोल्ट आवळले तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर सतत दाब राहतो आणि इंजिन उघडण्याचा प्रसंग येतो.

टनेल कापताना पुठ्ठ्याचा साचा करून, खूण करून, आवश्यकतेपेक्षा थोडे कमीच कापावे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून गिअरबॉक्सभोवती सर्व बाजूंनी किमान १२ ते १५ मिमी मोकळी जागा ठेवावी. वरच्या बाजूला आणि दांडीच्या टॉवरभोवती थोडी अधिक. पत्रा कापल्यावर पूर्वीची बळकटी परत येईल अशा जाडीचा पत्रा वेल्ड करावा, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत टनेल हा सांगाड्याचाच भाग असतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडलेली असावी, आणि पेट्रोलची व ब्रेकची नळी टनेलच्या आतून जाते का, हे हात घालून पाहिलेले असावे.

क्रॉसमेंबर करताना आधी गिअरबॉक्स जॅकवर योग्य कोनात आणि मध्यरेषेवर धरावा, मग क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सला खालून पेलणारी आडवी पट्टी) त्याच्या मापाने करावा. उलटे केले, म्हणजे क्रॉसमेंबर आधी पक्का करून गिअरबॉक्स त्यावर ओढून बसवला, तर माउंटिंगचे रबर कायम ताणलेले राहते आणि इंजिनाचा प्रत्येक हिसका फरशीत उतरतो.

तपासणी: माउंटिंगचा बोल्ट बोटांनी फिरवून पूर्ण आत गेला पाहिजे. पहारीने ढकलून भोक जुळवावे लागत असेल तर क्रॉसमेंबर पुन्हा करावा.

७. पायलट बुश, क्लच आणि क्लच सोडवणारी यंत्रणा

पायलट बुशचा आतला व्यास नव्या शाफ्टच्या टोकाला आणि बाहेरचा व्यास क्रँकच्या भोकाला जुळणारा हवा. सच्छिद्र ब्राँझचा बुश असेल तर तो इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवून मग बसवावा, आणि बसवताना त्याच मापाच्या दांड्याने सरळ ठोकावा. ठोकताना व्यास किंचित आक्रसतो, म्हणून बसल्यावर शाफ्टचे टोक त्यात मोकळे फिरते का ते पुन्हा पाहावे.

फ्लायव्हीलचा चेहरा लेथवर किंवा ग्राइंडरवर साफ करून घ्यावा. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते. ती उलटी बसली तर हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येक वेळी थोडे-थोडे आवळावेत, आणि प्लेट मध्यभागी धरण्यासाठी नव्या गिअरबॉक्सच्या स्प्लाइनचेच अलाइनमेंट टूल वापरावे.

आता क्लच सुटण्याचा प्रश्न. फोर्क आणि बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या मास्टर सिलिंडरने ढकललेल्या तेलावर फोर्क हलवणारा) ठेवायचा असेल तर फोर्क ज्यावर डुलतो त्या पिव्हटची उंची अशी असावी की बेअरिंग बोटांना टेकते त्या क्षणी फोर्क काटकोनापासून थोडा अलीकडे असेल आणि प्रवासात काटकोन ओलांडून तितकाच पलीकडे जाईल. पिव्हट आखूड असला की फोर्क बेलहाउसिंगच्या खिडकीच्या कडेला आपटतो आणि क्लच अर्धाच सुटतो.

शाफ्टवर बसणारा हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग वापरायचा असेल तर बेअरिंग पूर्ण मागे दाबलेल्या स्थितीत त्याचा चेहरा आणि प्रेशर प्लेटची बोटे यांच्यात सुमारे ४ ते ५ मिमी अंतर हवे, अर्थात उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर. हे अंतर थेट दिसत नाही, ते काढावे लागते. बेलहाउसिंगच्या मागच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी आडवी धरून तिथपासून बोटांच्या टोकांपर्यंतची खोली मोजावी. गिअरबॉक्सच्या पुढच्या चेहऱ्यापासून मागे दाबलेल्या बेअरिंगच्या चेहऱ्यापर्यंतची उंची मोजावी. पहिल्यातून दुसरी वजा केली की अंतर मिळते. ते जास्त असेल तर बेअरिंगखाली शिम घालावेत. हे अंतर ठेवण्याचे कारण असे की प्लेट झिजते तशी बोटे गिअरबॉक्सकडे सरकत जातात. जागा नसेल तर बेअरिंग त्यांना कायम दाबून ठेवते आणि काही महिन्यांत क्लच घसरू लागतो.

मास्टर सिलिंडरचा हिशेबही करून पाहावा. ३/४ इंच, म्हणजे १९ मिमी व्यासाच्या मास्टरचे क्षेत्रफळ सुमारे २८५ चौरस मिमी. पेडलने त्याचा दांडा ३० मिमी सरकला तर सुमारे ८५५० घन मिमी तेल ढकलले जाते. स्लेव्हचे क्षेत्रफळ ३८८ चौरस मिमी (७/८ इंच व्यास) असेल तर तो सुमारे २२ मिमी सरकेल. फोर्कला लागणारा प्रवास आपण दुसऱ्या टप्प्यात मोजलेला आहेच. दोन्हींची तुलना करावी. मास्टर लहान पडला तर क्लच सुटत नाही, मोठा घेतला तर पेडल जड होते आणि प्रेशर प्लेटची बोटे मर्यादेपलीकडे दाबली जाण्याचा धोका राहतो. म्हणून मोठा मास्टर बसवला असेल तर पेडलखाली अडवणूक बसवावीच.

इशारा: शाफ्टवरच्या हायड्रॉलिक बेअरिंगची हवा काढण्याची नळी गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी बेलहाउसिंगबाहेर आणून ठेवावी. नंतर तिथे बोट शिरत नाही.

८. गिअरबॉक्स अंतिम बसवणे

गिअरबॉक्स जॅकवर घ्यावा. टी-५ चे वजन सुमारे ३४ किलो असते आणि छातीवर घेऊन तो चढवण्यात शौर्य नाही. स्प्लाइनवर ग्रीसचा अतिशय पातळ हात फिरवावा. गिअर टाकून ठेवावा, म्हणजे मागून आउटपुट शाफ्ट किंचित फिरवून स्प्लाइन जुळवता येतात. दोन लांब बोल्टांची डोकी कापून केलेले मार्गदर्शक दांडे बेलहाउसिंगच्या भोकांत लावले की बॉक्स सरळ रेषेत सरकतो.

शेवटचे १० ते १२ मिमी अंतर उरले आणि बॉक्स पुढे जाईना, तर थांबावे. बोल्ट आवळून तो ओढून घेण्याचा मोह इथेच होतो आणि अॅल्युमिनिअमच्या केसिंगचे कान इथेच तुटतात. कारण प्लेट मध्यावर नसणे, पायलट बुश लहान असणे किंवा रिटेनरची कॉलर भोकात तिरपी टेकणे यांपैकी एक असते. बॉक्स मागे घ्यावा आणि पाहावे. त्या वेळी तो आधाराविना प्लेटच्या हबवर लटकत ठेवू नये. हब वाकली तर क्लच कधीच स्वच्छ सुटणार नाही.

तपासणी: बोल्ट आवळून झाल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये आणि नंतर गिअर टाकून पेडल दाबलेले, अशा दोन्ही स्थितींत आउटपुट शाफ्ट हाताने फिरला पाहिजे. गिअरमध्ये, पेडल सोडलेले असताना तो अडला पाहिजे. हे जमिनीवर पडून दोन मिनिटांत कळते.

९. कोन आणि मगच प्रोपेलर शाफ्ट

गाडी पुन्हा चाकांवर, किंवा मागचा अॅक्सल स्टँडवर टेकवून भाराखाली घ्यावी. अॅक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप टाकाऊ असते.

गिअरबॉक्सची मध्यरेषा आणि पिनिअनची मध्यरेषा एकमेकींना समांतर असाव्यात. गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकलेला असेल तर पिनिअन पुढे ३ अंश वर बघणारा हवा. प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटचा कामाचा कोन म्हणजे शाफ्टच्या आणि त्याला जोडलेल्या भागाच्या कोनांतला फरक: शाफ्ट ५ अंश आणि गिअरबॉक्स ३ अंश उतरता असेल तर पुढचा जॉइंट २ अंशांवर चालतो. तो १ ते ३ अंशांच्या दरम्यान ठेवावा आणि पुढच्या-मागच्या जॉइंटमधला फरक १ अंशाच्या आत असावा. शून्य अंशही चांगला नाही. जॉइंटच्या सुया एकाच जागी राहून खळगे पाडतात. लीफ स्प्रिंगच्या गाड्यांत जोर पडला की पिनिअनचे नाक वर उचलते, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवतात. दुरुस्ती गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पट्ट्या घालून किंवा स्प्रिंग आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून करावी.

कोन ठरले, की लांबी. सरकता योक (शाफ्टच्या पुढच्या टोकाचा, गिअरबॉक्समध्ये शिरणारा भाग) गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलावा, मग २० ते २५ मिमी बाहेर ओढावा आणि त्या स्थितीत योकच्या जॉइंटच्या मध्यापासून पिनिअनच्या जॉइंटच्या मध्यापर्यंत मोजावे. हेच माप कारागिराला द्यावे, आणि ते मध्यापासून मध्यापर्यंतचे आहे हे कागदावर लिहून द्यावे. दोन्ही टोकांचे योक एकाच दिशेत वेल्ड झाले पाहिजेत आणि शाफ्ट बॅलन्स करून मिळाला पाहिजे. काही लोक जुन्याच शाफ्टचा तुकडा कापून बॅलन्सविना बसवतात; ताशी ६० किमीपर्यंत चालते, पुढे नाही.

१०. स्पीडोमीटर, तारा आणि तेल

केबलचा स्पीडोमीटर ठेवायचा असेल तर नव्या गिअरबॉक्सच्या मागच्या भागात केबलची जोडणी आहे का ते पाहावे. ती असूनही दातांची संख्या जुळेलच असे नाही. मागचे चाक एक फेरा फिरले की केबल किती फिरते हे मोजून, मैलातल्या चाकाच्या फेऱ्यांनी गुणून तबकडीवरच्या आकड्याशी ताडावे. फरक असेल तर प्लास्टिकचा लहान गिअर बदलावा किंवा मध्ये गुणोत्तर बदलणारी पेटी घालावी. गिअरबॉक्सला केवळ विद्युत सेन्सर असेल तर त्याच्या स्पंदांवर केबल फिरवणारे यंत्र किंवा वेगळा स्पीडोमीटर लागेल.

रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच जोडावा. अर्थची पट्टी मात्र विसरू नये. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती गिअरबॉक्सवरून सांगाड्याला जाते आणि जुन्या बॉक्सबरोबर निघून येते. मग स्टार्टरचा सगळा प्रवाह चोकच्या किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते आणि तिचे आवरण वितळते. सेल्फ मारताना चोकची मूठ गरम लागली तर दुसरे काही शोधू नये.

तेल गिअरबॉक्सच्या उत्पादकाने सांगितलेलेच घालावे, गाडीच्या मूळ पुस्तिकेतले नव्हे. 'वर्ल्ड क्लास' टी-५ ला ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ तेल लागते. जाड ९० ग्रेडचे तेल घातले की सिंक्रोनायझर नीट पकडत नाहीत. तेलाची प्रत जीएल-४ लिहिलेली असेल तिथे जीएल-५ घालू नये, त्यातली रसायने पितळी कड्यांना मानवत नाहीत. भरण्याचे तोंड टनेलमुळे झाकले जाणार असेल तर गिअरबॉक्स चढवण्यापूर्वीच तेल घालून मागे जुना योक बुचासारखा बसवावा. हवा जाण्याचे छिद्र रंगाने किंवा मातीने बुजलेले नाही, हेही पाहावे. नाहीतर नवीन सीलमधूनही तेल येते.

११. पहिली चाचणी आणि दोषांचा माग

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगाने घ्यावी आणि परतल्यावर सील, नळ्या व माउंटिंग पाहावे. मग आवाज आणि थरथर यांचा माग असा काढावा.

न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि पेडल दाबताच जातो, तर तो गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा. पेडल दाबल्यावरच येतो, तर रिलीज बेअरिंगचा किंवा पायलट बुशचा, कारण क्रँक आणि इनपुट शाफ्ट वेगवेगळे फिरतात ते तेवढ्याच वेळी. रिव्हर्स टाकताना दात घासले तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी हायड्रॉलिकमधली हवा, मग प्रवास तपासावा. गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी दांडीचे रबर काढून दांडी टनेलच्या कडेला लागते का ते पाहावे. बहुतेकदा लागत असते. तसे नसेल तर पाचव्या टप्प्यातली मोजणी टाळली होती का, हे आठवावे.

थरथर एकाच वेगाला चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही गिअरमध्ये सारखी असेल तर ती प्रोपेलर शाफ्टची किंवा चाकांची. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल तर क्लच, फ्लायव्हील किंवा माउंटिंगची. जोर दिल्यावर येणारी आणि पाय काढल्यावर जाणारी घरघर बहुधा कोनांची असते. तेव्हा शाफ्ट पुन्हा बॅलन्सला पाठवण्याऐवजी कोनमापक घेऊन गाडीखाली जावे.

पहिल्या ५०० किमीनंतर बेलहाउसिंगचे, क्रॉसमेंबरचे आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. या काळात क्लचवर जोर देऊन गाडी उचलू नये. तेलाच्या बुचाला चुंबक असेल तर ते काढून पाहावे: राखाडी लगद्याचा पातळ थर नेहमीचा आहे, चमकणारे तुकडे नाहीत.